चार स्लॉट देता आणि दोनच वापरा म्हणता?

रॅमच्या स्टिकवर मॉडेल नंबर कशासाठी छापतात, हे एकदा कुणीतरी मला सांगा. एका नंबरचा नट आणला की तो त्या नंबरच्या बोल्टवर बसतो, एवढी साधी अपेक्षा असते. रॅमच्या धंद्यात तीही ठेवायची सोय नाही!

डेस्कटॉपमध्ये ८-८ जीबीच्या दोन स्टिक होत्या. डीडीआर४ पिढीच्या, वेग ३२००, टायमिंग (म्हणजे चिपला प्रतिसाद द्यायला लागणारा विलंब) सीएल१६. कधी कुरकुर नाही. काम वाढलं, १६ जीबी पुरेना, म्हणून आणखी एक जोडी घेतली. तीच कंपनी, तोच वेग, तोच मॉडेल नंबर. जुनी स्टिक काढून नवीच्या शेजारी ठेवली आणि दोन्ही स्टिकर अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. ३२००, १६-१८-१८-३८, १.३५ व्होल्ट. कशात म्हणून कशात फरक नाही. चारही बसवल्या आणि मशीनचं पार वाटोळं झालं. विंडोज सुरू होतं, ब्राउझरमध्ये दोन-चार टॅब उघडले की ब्लू स्क्रीन. कधी मेमरी मॅनेजमेंटचा एरर, कधी भलताच. झिप उघडायला जावं तर फाइल करप्ट, आणि तीच फाइल रीस्टार्टनंतर ठणठणीत!

मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला. जुनी जोडी एकटी, एकही एरर नाही. नवी जोडी एकटी, तीही स्वच्छ. चारही एकत्र लावल्या की एररच्या लाल ओळींनी स्क्रीन भरून जाते. म्हणजे सुटी स्टिक घेऊन तक्रार करायला जावं, तर ते तपासून ‘माल चांगला आहे’ म्हणणार, आणि ते खोटंही नसणार.

मग सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये एसपीडीचा, म्हणजे स्टिकने स्वतःबद्दल साठवलेल्या माहितीचा, टॅब उघडला. मॉड्यूल कंपनीचं नाव दोन्हीकडे एकच. त्याखाली डीरॅम, म्हणजे आतल्या मेमरी चिप, बनवणाऱ्याचं नाव असतं, ते मात्र वेगवेगळं! चिडायला झालं ते इथे. जगातल्या बहुतेक डीरॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या. रॅम विकणारे बहुतेक ब्रँड याच चिप विकत घेतात, पट्टीवर लावतात, वर हीटसिंक चिकटवतात आणि आपलं नाव देतात. आज एकाची चिप मिळाली, उद्या दुसऱ्याची. मॉडेल नंबर तोच, खोका तोच. आत काय आहे ते बघायचं तर हीटसिंक उचकटायचा, आणि उचकटला की वॉरंटी गेली. काही जण स्टिकवर बारीक अक्षरात व्हर्जन नंबर छापतात म्हणे. पण तो स्टिकवर! सीलबंद पाकिटातली स्टिक घ्यायच्या आधी कोण वाचणार?

याने काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. स्टिकरवर चार आकडे दिसतात, पण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला डझनावारी टायमिंग सांभाळावी लागतात. चिप रिफ्रेश व्हायला लागणारा वेळ, म्हणजे टीआरएफसी, हा चिपच्या जातीनुसार बदलतो आणि स्टिकरवर तो कुठेच नसतो. एक स्टिक सिंगल रँक (चिपचा एक गट) आणि दुसरी ड्युअल रँक (दोन गट) असली तर कंट्रोलरवरचा ताणही बदलतो. बायोस, म्हणजे बोर्डावरचा मशीन सुरू करणारा प्रोग्राम, प्रत्येक स्टिकवरची एसपीडी चिप वाचून सगळ्यांना झेपेल असा मध्यम मार्ग काढू पाहतो. साध्या वेगाला तो बहुतेक वेळा निघतोही. पण खोक्यावर ठळक छापलेला ३२०० हा साधा वेग नसतोच! माझ्या स्टिकसारख्या अनेकांवर तो एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे ओव्हरक्लॉकचा, ठरलेल्यापेक्षा जास्त पळवण्याचा वेग असतो. डीडीआर४चं ठरलेलं व्होल्टेज १.२, इथे १.३५ देऊन तो गाठलेला असतो. एक्सएमपी बंद केलं की तीच स्टिक २१३३ नाहीतर २४००वर येते.

आणि सपोर्टचा सल्ला काय? एक्सएमपी बंद करा! अहो, पैसे ३२००चे घेतलेत ना? मग पुढचं वाक्य येतं, ‘वेगवेगळे किट एकत्र वापरल्यास आम्ही हमी देत नाही.’ किट म्हणजे एका पाकिटातल्या स्टिक, त्या एकत्र तपासून विकतात, हे मान्य. पण मग तसं पुढच्या बाजूला ठळक छापा की. आरजीबीच्या दिव्यांचे फोटो छापायला जागा आहे, ‘पुढे याच नंबरची स्टिक घेतली तर चालेलच असं नाही’ या एका ओळीला जागा नाही?

मदरबोर्डवाले तर त्याहून वरचढ. चार स्लॉट देतात, कमाल क्षमतेचा दणदणीत आकडा छापतात, शेजारी वेगाचाही कमाल आकडा छापतात, आणि हे दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत हे मॅन्युअलच्या पोटात दडवतात. डीडीआर५मध्ये तर कहर आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरांचा अधिकृत मेमरी वेग दोन स्टिकना ५२००, आणि चार लावल्या की ३६००. चारही एकाच किटमधल्या, जुळ्या असल्या तरी! हे एएमडीने निदान आपल्या तक्त्यात लिहिलंय. बोर्डाच्या खोक्यावर वाचलंय कुणी? शिवाय चार स्टिक लावून पहिल्यांदा मशीन चालू केलं की मेमरी ट्रेनिंगच्या, म्हणजे रॅमशी जुळवून घेण्याच्या, नावाखाली कित्येक मिनिटं काळा स्क्रीन. नव्या माणसाला वाटतं बोर्ड जळला, आणि तो घाबरून मधेच पॉवर बंद करतो.

‘माझ्याकडे तर तीन कंपन्यांच्या स्टिक मजेत चालतात’ म्हणणारे आता येतील. चालत असतील. डीडीआर३च्या काळात सर्रास चालायचं, आजही पुष्कळदा चालतं. पण चालेल की नाही हे पैसे मोजल्यावरच कळणार असेल तर त्याला खरेदी म्हणायचं का? आणि ‘जुनी काढून टाक, १६-१६चं नवं किट घे’ म्हणणाऱ्यांनो, उपाय बरोबर आहे, मीही तोच करणार आहे. पण चार धडधाकट स्टिक ड्रॉवरमध्ये का पडायच्या? कारण एका कंपनीला आत कुठली चिप आहे हे छापायचं नाही. बाकी काही नाही.

खरा धोका तर ब्लू स्क्रीनचा नाहीच. तो निदान तोंडावर सांगतो की बिघडलंय. साध्या डेस्कटॉपच्या रॅमला ईसीसी, म्हणजे चुका पकडून दुरुस्त करायची सोय, नसतं. एखादा बिट उलटला तर कुणी ओरडत नाही, चुकीचा आकडा गुपचूप डिस्कवर लिहिला जातो. डीडीआर५मध्ये ईसीसी असतं म्हणतात, ते चिपच्या आतल्या आत. स्टिक ते प्रोसेसर या वाटेवर त्याचा काही उपयोग नाही, आणि वेगवेगळ्या स्टिकचं बिनसतं ते बहुतेक याच वाटेवर. चार स्टिक लावलेल्या असताना मी फोटोंचा अख्खा बॅकअप एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवला. आता एकेक फोल्डरचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, जुन्या प्रतीशी ताडत बसलोय, आणि न जुळणाऱ्या फाइल सापडतायत. या फाइल मला कोण भरून देणार? ‘आम्ही हमी देत नाही’ म्हणणारे?