शूटिंग रेंजकडून उत्तर: नव्या रायफलच्या त्या अर्ध्या तासाबद्दल

नमस्कार सर,

रविवारी आपण मुलाला घेऊन नवी एअर रायफल ट्राय करायला आला होता. "अर्ध्या तासाचे 400 रुपये घेतले, 20 मिनिटं नुसत्या सेटिंगमध्ये घालवली, पोराला जेमतेम बारा गोळ्या मारू दिल्या, वर सगळ्यांसमोर ओरडले" असं लिहून एक स्टार दिलात. नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. माझा आवाज चढला, ते चुकलंच.

पण "वेळ घालवला" हे फार लागलं सर. आपला स्लॉट 5 ते 5.30 होता. आपण आलात 5.12 ला, रजिस्टरला आपलीच सही आहे. तरी मी 5.40 पर्यंत लेन सोडायला लावली नाही. पुढच्या स्लॉटच्या दोन मुली किट घालून बाकावर बसून होत्या.

नवी रायफल खोक्यातून काढली की लगेच नेम लागत नाही. नळीत कंपनीचं तेल असतं, ते आधी फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या मऊ गोळ्यांनी काढावं लागतं. बट, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा भाग, मुलाला लांब पडत होता, मान ताणून बघत होता तो. बटच्या टोकाची प्लेट दोनदा आत घेतली, गाल टेकवायचा चीक पीस वर केला, तेव्हा कुठे डोळा पीपच्या, म्हणजे बघायच्या बारीक भोकाच्या मधोमध आला. दुकानदारानं "झिरो करून दिलीय", म्हणजे नेम जुळवून दिलाय, म्हणून सांगितलं असेल, पण ते झिरो त्याच्या डोळ्याचं. पहिल्या तीन गोळ्या डावीकडे खाली, टार्गेटच्या काळ्या गोलाच्या बाहेर गेल्या. आपण म्हणालात, "रायफलच खराब दिसते." सर, त्या तिन्ही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ होत्या. म्हणजे पोराचा हात पक्का, फक्त साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, सरकवायची होती. दर तीन गोळ्यांनंतर साइटचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून परत बघायचं, त्याला वेळ लागतोच. टार्गेटच्या मधोमधचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. ऑलिम्पिकलासुद्धा मोजणीच्या 60 गोळ्यांआधी तयारी आणि साइटिंगला, म्हणजे नेम जुळवायला, 15 मिनिटं देतात, आणि तिथं रायफल रोजच्या हातातली असते. रायफलचा हवेचा सिलिंडर 200 बार दाबाला भरून दिला, त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत.

ओरडण्याचं म्हणाल, तर मुलगा "पप्पा बघा" म्हणत भरलेल्या रायफलसकट मागे वळला. नळी थेट बाकावरच्या मुलींकडे होती. त्याच्या आधी आपण स्वतः व्हिडिओ काढायला फायरिंग लाइनच्या पुढे गेला होता, तेव्हा मी हात जोडून मागे बोलावलं होतं. लायसन लागत नसलं म्हणून एअर रायफल खेळणं होत नाही, डोळा जातो. ती एक हाक मला मारावीच लागली.

पंखा लावत नाही, असंही लिहिलंत. लेनमधला पंखा लावला की टार्गेटचं कार्ड हलतं. पत्र्याचं शेड आहे, सोलापूरचं ऊन आहे, त्रास होतो हे कळतं. त्याचं काहीतरी बघतो. नव्या रायफलला एक तासाचा वेगळा स्लॉट ठेवायचाही विचार आहे.

2024 ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंनी पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हापासून आपल्याकडंही पालक मुलांना घेऊन चौकशीला येऊ लागले. चार लेन मी हप्त्यावर उभ्या केल्यात. आपलं वाचून कालपासून दोन पालकांनी फोन करून विचारलं, "तिथं वेळ काढतात का?" काय सांगू त्यांना?

आपल्या मुलाच्या शेवटच्या पाच गोळ्यांतल्या तीन नऊ गुणांच्या वर्तुळाच्या आत आहेत. ते कार्ड गडबडीत काउंटरवरच राहिलं. मागे तारीख घालून ठेवलंय. सकाळी 7 ते 9 लेन मोकळ्या असतात, त्याला घेऊन या. त्या दिवशीच्या राहिलेल्या गोळ्या मारून घेऊ, पैसे नकोत.

आपला,
रेंजचालक