अरे, नावं तरी संपू द्या!

काल रात्री सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या एका ॲपवर 'काउबॉय बीबॉप' या जपानी ॲनिमेशन मालिकेचा शेवटचा भाग लावला होता. आधीही पाहिलाय, कितीदा ते विचारू नका. पायऱ्यांवरचा तो प्रसंग झाला. ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना मी सांगणार नाही, कारण मी म्हणजे काही ते ॲप नव्हे. कॅमेरा वर वर निघाला. एरवी भाग संपताना लागणारं गाणं बाजूला ठेवून संगीतकार योको कान्नोचं ते दुसरं गाणं सुरू झालं. आकाश आणि त्यावरून सरकणारी नावं, मालिका बनवणाऱ्या माणसांची. माझ्या घशात आवंढा, डोळे भरलेले, नाक पुसायला हाताशी काही नाही, आणि नेमकं तेव्हाच चित्र आक्रसलं.

थेट कोपऱ्यात. पोस्टाच्या तिकिटाएवढं. गाण्याचा गळा दाबला गेला आणि उरलेल्या पडद्यावर दात दाखवणारे दहा-बारा देखणे लोक अवतरले. बेटावर राहून एकमेकांशी लग्न जुळवणार आहेत म्हणे. खाली आकडे : ५, ४, ३...

मी रिमोट शोधतेय. अंधारात. तो पांघरुणात कुठेतरी. सापडला तेव्हा २ चालू होता. 'क्रेडिट्स पाहा' असं एक बटण असतं, नाही असं नाही. पण ते राखाडी, बारीक, आणि निवड आधीपासून 'आत्ता पाहा'वर बसवून ठेवलेली. मी डावीकडे दाबलं, निवड वर गेली. वर दाबलं, ती दिसेनाशी झाली. घाईत मागे जायचं बटण दाबलं तर महाशयांनी मला मालिकेबाहेर काढून मुख्य पानावर नेऊन सोडलं. परत आत गेले, तर मालिका 'पाहून झाली' म्हणून पहिल्या भागापासून सुरू करू का, असं विचारतंय. करू का! २६ भागांनंतर! मग २६व्या भागात शिरा, पट्टी ओढत शेवटाकडे आणा, ती जरा पुढे गेली की नावं सुरू, नावं सुरू झाली की परत तेच बेट, तेच दात. दोनदा झालं हे. तिसऱ्यांदा मी टीव्हीवर ओरडले. शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, "कोण आलंय?"

आता गंमत ऐका. या मालिकेत भागाच्या शेवटी एक पाटी येते आणि अगदी शेवटच्या भागात ती बदलते. कुठे येते? नावं संपल्यावर. म्हणजे १९९८ साली ज्या माणसांनी ही मालिका केली, त्यांनी आपलं शेवटचं वाक्य मुद्दाम नावांच्या पलीकडे ठेवलं, की बसा जरा, आकाश बघा, मग सांगतो. आणि कुठल्याशा कार्यालयात कुणीतरी ठरवलं की नावं लागली म्हणजे कथा संपली, आता गिऱ्हाईक उठायच्या आत पुढचं ताट वाढा. आणि ते बेट? ते आता माझ्या 'पाहणं सुरू ठेवा' रांगेत पहिलं बसलंय. मी ते चार सेकंद पाहिलं. तेही मान दाबून दाखवलं म्हणून.

वर हेच ॲप मला मधूनच विचारतं, "अजून बघताय का?" अहो, तुम्ही बघू दिलंत तर!

'नावांत काय बघायचंय' म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे आता यादीच तयार असते. 'वॉल-ई'. यंत्रमानवाचा ॲनिमेशनपट, २००८. चित्रपट संपतो तेव्हा माणसं जहाजातून उतरलेली असतात, चालायची सवय गेलेली, हातात एक रोपटं. यांचं काय होणार? ते सगळं नावांमागे आहे. गुहेतल्या चित्रांच्या शैलीत सुरुवात, मग इजिप्त, मग पुढे पार व्हॅन गॉगपर्यंत. कलेच्या इतिहासातून फिरवत दाखवलंय की माणसं आणि यंत्रमानव मिळून शेती करतात, पृथ्वी पुन्हा उभी राहते. ते कापून बघितलंत तर तुम्ही अर्धवट सिनेमा बघितलात. मग येऊन मला सांगता की शेवट काही पटला नाही बुवा.

'टोटोरो' या जपानी ॲनिमेशनपटाचं तर बोलूच नका. त्या दोन बहिणी मुळात मेलेल्याच आहेत, टोटोरो म्हणजे मृत्यूचा देव, असला भिकार सिद्धान्त वर्षानुवर्षं फिरतोय. इतका, की शेवटी तो बनवणाऱ्या स्टुडिओ जिब्लीला जाहीरपणे 'तसं काही नाही' म्हणावं लागलं. अरे, आई इस्पितळातून घरी येते! मुलींबरोबर गरम पाण्यात आंघोळीला बसते! सगळं काढून ठेवलंय त्या माणसांनी, रंगवून, नावांच्या शेजारी. पण तिथपर्यंत थांबायला कोण तयार आहे. पहिलं नाव दिसलं की यांचा अंगठा वळवळतो, आणि नाही वळवळला तर ॲप आहेच.

हे नुसतं गोष्टीपुरतंही नाही. १८ जुलै २०१९ला क्योटो ॲनिमेशन या जपानी कंपनीच्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली. ३६ जणं गेली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्यांच्याच 'व्हायोलेट एव्हरगार्डन' मालिकेचा चित्रपट आला, तेव्हा एरवी नव्याने लागलेल्यांची नावं जिथे देत नसत तिथे त्यांनी काम केलेल्या सगळ्यांची नावं दिली. सगळ्यांची. ती नावं म्हणजे काय आहे ते सांगायला लागतंय का? त्यावर तुम्ही आकडे मोजता, ५, ४, ३. लाज वाटत नाही?

'टोटोरो'वाल्या दिग्दर्शक मियाझाकींच्या २०१३च्या 'द विंड रायझेस'मध्ये भूकंपानंतरच्या गर्दीचं एक दृश्य आहे. चार सेकंदांचं. एइजी यामामोरी नावाच्या माणसाने ते काढायला सव्वा वर्ष घेतलं. गर्दीतला प्रत्येक जण आपापल्या घाईत, आपापलं ओझं घेऊन. चार सेकंदांसाठी सव्वा वर्ष देणाऱ्या माणसाचं नाव पडद्यावर येतं किती वेळ? आणि तेवढ्यात तुम्हाला मला बेट दाखवायचंय.

बरं, एवढं सगळं तावातावाने सांगताना एक बारीकशी अडचण आहे. ती नावं जपानीत असतात. मला जपानी येत नाही. एक अक्षर नाही. ओ की ठो कळत नाही. म्हणजे काल रात्री मी जी नावं वाचण्याच्या हक्कासाठी घसा बसेपर्यंत ओरडले, ती मला उद्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली तरी वाचता येणार नाहीत. यामामोरी यांचं नाव माझ्या डोळ्यांसमोरून अनेकदा गेलं असेल, मी त्याच्याकडे बघत भावुकही झाले असेन, पण ते बहुधा कुठल्या तरी बँकेचं नाव असावं. चालेल. मला न वाचताच बघायचीत. माझी मर्जी.

आणि शेवटाचंच कशाला, सुरुवातही धड बघू देत नाहीत. 'सुरुवात वगळा.' दीड मिनिटाचं गाणं असतं हो, दीड मिनिट! तेवढ्यात तुमचं काय एवढं राज्य बुडतंय? 'जोजो' या जपानी मालिकेच्या तिसऱ्या पर्वात शेवटी शेवटी खलनायक चक्क सुरुवातीच्या गाण्यातच वेळ थांबवतो. गाणं चालू असताना! माझ्या एका मैत्रिणीने ते पूर्ण पर्व बघितलं आणि तिला हे माहीतच नव्हतं, कारण ती पहिल्या भागापासून वगळत आली होती. मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तिला वाटलं घरचं काहीतरी टेन्शन असेल.

त्यातून भागांच्या यादीतली ती छोटी चित्रं. कोण निवडतं ती? कोण मरणार, कोण फितूर निघणार, कोण कोणाला मिठी मारणार, सगळं यादीतच. लोकांनी सांगू नये म्हणून मी आठवडाभर फोन बंद ठेवायचा आणि ॲपने मात्र दारातच ओरडून सांगायचं. शिवाय पांढऱ्या बर्फावर पांढरी सबटायटल्स. शिवाय "पहिले शंभर भाग सहन कर, मग जबरी होतं" म्हणणारे. 'वन पीस' ही जपानी मालिका १९९९पासून चालू आहे, ११००च्या वर भाग झालेत, मला आवडतंही. पण आयुष्यातले शंभर भाग सहन करायला मी काय शिक्षा भोगतेय का?

आता मामेभावाचा टीव्ही. हा विषय काढायचा नव्हता, पण निघालाच आहे. त्याने नवा टीव्ही घेतला, भलामोठा, आणि मला कौतुकाने दाखवायला 'स्पायडर-व्हर्स' हा स्पायडरमॅनचा ॲनिमेशनपट लावला. "ताई, बघ कसं स्मूथ दिसतंय!" स्मूथ! सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एक चित्र दोन चौकटी टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. २०१८च्या त्या सिनेमात तर ही गोष्टच आहे. जंगलातल्या प्रसंगात मुरलेला स्पायडरमॅन पीटर २४ चित्रांनी हलतो आणि शिकाऊ माइल्स १२नी. म्हणून तो अडखळतो, म्हणून तो कच्चा वाटतो. माणसांनी डोकं लावून ठरवलेलं अडखळणं आहे ते. आणि हा टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये आपल्या मनाची चित्रं घुसडून ते सगळं गुळगुळीत करून टाकतो. कोणी सांगितलं होतं? काढलंस का तू? तुझं नाव आहे का शेवटी? मी हे सगळं त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "अगं, कार्टूनच तर आहे."

कार्टून.

हाच मामेभाऊ मागे एकदा म्हणाला होता, "ते काजव्यांचं काहीतरी दिसतंय, पोरीला लावून देतो." 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'! सहा वर्षांच्या मुलीला! पहिल्याच प्रसंगात मुलगा स्टेशनवर मरतो. मी जवळजवळ उडी मारून टीव्ही बंद केला. पण त्याला एकट्याला काय बोलू. २०२२ साली ऑस्करच्या मंचावरून ॲनिमेशनचा पुरस्कार देताना काय बोलले, तर मुलं हे सिनेमे परत परत बघतात आणि आईबापांना ते सोसावं लागतं. त्या वर्षी नामांकन मिळालेल्या पाचांत अफगाणिस्तानातून जीव घेऊन पळालेल्या एका माणसाची खरी गोष्ट होती, 'फ्ली'. बरोबर, पोरं अगदी हट्ट धरतात ती लावायला. आणि एरवी 'कार्टून' म्हणून नाकं मुरडणारी हीच मंडळी २०२५च्या मार्चमध्ये स्वतःचे जिब्ली छाप फोटो एआय मशिनकडून काढून घेऊन सगळीकडे लावत होती. एक सिनेमा पाहिला नसेल धड. मामेभावाचा अजून तोच फोटो आहे.

असो. आज दुपारी बसून सेटिंग्ज उपसल्या. पुढचा भाग आपोआप लावण्याचं वेगळं बटण, झलक आपोआप लावण्याचं वेगळं, आणि दोन्ही टीव्हीवर नाहीतच, त्यासाठी संगणकावरून शिरायचं. दोन्ही बंद केली. आता मोजणी होत नाही. चित्र मात्र अजूनही आक्रसतंच, त्याला बटण नाही. मदतकेंद्राला लिहिलं, चांगलं लांबलचक, वॉल-ई आणि क्योटोसकट. उत्तर आलं की इंटरनेट तपासून ॲप पुन्हा टाकून बघा.

रविवारी भाचीला 'टोटोरो' दाखवायचंय, त्यांच्याकडेच, त्या गुळगुळीत टीव्हीवर. डिस्क घेऊन जाणार आहे, तिथे तरी कोणी मोजत बसणार नाही. मामेभाऊ चहा टाकायला आत गेला की ते स्मूथ प्रकरण कायमचं बंद करून टाकणार. नंतर त्याने विचारलंच की चित्र पहिल्यासारखं का दिसत नाही, तर सांगेन, काहीतरी अपडेट आला असेल रे.