पेंग्विनचे पंख निकामी झालेले नाहीत

‘जे वापरले नाही ते झडते’ हे पटवून देण्यासाठी पेंग्विनचा दाखला देणारा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. उडणे सोडल्यामुळे पेंग्विनचे पंख निकामी झाले, पाण्यात तो बदकासारखा पायांनी वल्हवतो आणि गुडघेच नसल्यामुळे डुलत चालतो, अशी तीन विधाने त्यात आहेत. तिन्ही चुकीची आहेत.

पंख खरोखर निकामी झाले असते, तर ते हलवणारे स्नायूही खंगले असते. शहामृगाच्या छातीचे हाड सपाट असते. पेंग्विनच्या छातीच्या हाडाला मात्र उडणाऱ्या पक्ष्यांप्रमाणे उंच कंगोरा असतो आणि त्यावर भक्कम स्नायू बसलेले असतात. त्यातही पंख वर उचलणारा स्नायू विशेष मोठा असतो, कारण हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असलेल्या पाण्यात पेंग्विन पंख खाली आणताना जसा पुढे सरकतो, तसाच तो वर नेतानाही सरकतो. पंखातील हाडे चपटी आणि भरीव असतात व कोपराचा सांधा जवळजवळ ताठ असतो, त्यामुळे पाण्याच्या दाबाने पंख दुमडत नाही. असा पंख हवेत कुचकामी ठरतो, हे खरे. पण दोन्हीकडे चालणारा पंखही स्वस्त नसतो. उत्तरेकडील समुद्रांतला गिलेमॉट हा पक्षी त्याच पंखांनी उडतो आणि बुड्याही मारतो, मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार उडताना त्याला विश्रांतीच्या तुलनेत सुमारे ३१ पट ऊर्जा लागते.

पायांनी वल्हवण्याचे म्हणाल, तर पोहताना पेंग्विनचे पाय मागे ताणलेले असतात आणि शेपटीसह सुकाणूचे काम करतात. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील हम्बोल्ट पेंग्विन पोहताना पाहिले, तरी हे ध्यानात येते. पाचशे मीटरपेक्षा खोल जाणारा एम्परर पेंग्विनही पंखांच्याच बळावर जातो.

गुडघे असतातच, आखूड मांडीसह ते पिसांखाली झाकलेले असतात, इतकेच.

डुलणे हेही व्यंग नव्हे. एम्परर पेंग्विनच्या चालीवर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, लंबकाप्रमाणे एका बाजूला झुकताना साठलेली ऊर्जा बऱ्याच अंशी पुढच्या पावलासाठी परत मिळते. चालणे त्याला महाग पडते ते आखूड पायांमुळे. आणि म्हणूनच की काय, अंटार्क्टिकाच्या बर्फावर तो पुष्कळदा पोटावर आडवा होऊन घसरतच निघतो.