प्रतिक्रियेला उत्तर: खणेरांना राणी का आहे

सर, नमस्कार.

माझ्या कथेचे चारही भाग वाचून तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. मूळ प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: सरांनी अनेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आहे आणि माझ्या कथेतला खणेर, म्हणजे जमिनीखाली राहणारा कल्पित प्राणी, त्यांना पटलेला नाही. पिल्लांना दूध पाजणाऱ्या प्राण्यात मुंग्यांसारखी एकच राणी विते आणि बाकीच्या माद्या जन्मभर राबतात, हे होत नाही, असं ते म्हणतात. दुसरं, बैलाएवढं जनावर दोनशे हात खोल कातळ पोखरत खाईल काय? आणि शेवटी, "अद्भुतकथा म्हटली की काहीही खपतं का?"

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण काहीही खपवू नये असं मलाही वाटतं.

राणीचा आक्षेप मात्र मला मान्य नाही. मिशिगन विद्यापीठातले रिचर्ड अलेक्झांडर हे मूळचे कीटकांचे अभ्यासक. राणी आणि कामकरी ही व्यवस्था पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत का दिसत नाही, याचा विचार करताना त्यांनी उलटा प्रश्न घेतला: असा प्राणी असलाच, तर तो कसा असावा लागेल? मग त्यांनी तो मनातच रचला. जमिनीखाली राहणारा, कारण घर सुरक्षित हवं आणि कुटुंबाबरोबर वाढवता यायला हवं. कंद खाणारा, कारण अन्न एका ठिकाणी भरपूर हवं. उष्ण, कोरड्या मुलखातल्या टणक मातीत, जिथे बिळात शिरलेल्या सापाला एकदोघांनी जीव देऊन अडवलं तर बाकीचे वाचतात. १९७६ साली अ‍ॅरिझोनातल्या व्याख्यानात त्यांनी हे वर्णन केलं, तेव्हा श्रोत्यांतले एक प्राणिशास्त्रज्ञ म्हणाले, हा तर आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट, बिळात राहणारा, जवळजवळ केस नसलेला उंदरासारखा प्राणी! केप टाउनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ जेनिफर जार्विस या प्राण्यांच्या वसाहती पाळून अभ्यास करतच होत्या. १९८१ मध्ये त्यांचा लेख आला: एक राणी, विणारी तीच, आणि बाकीचे राबणारे. एकेका वसाहतीत साधारण सत्तर-ऐंशी, कधी तीनशेच्या आसपास. आणि हा प्राणी पिल्लांना दूध पाजतो, सर.

ही हकीकत वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती. एका माणसाने केवळ गरजा मांडत जाऊन प्राणी कल्पिला आणि तो केनिया, इथिओपिया, सोमालियाच्या मातीखाली आधीपासून होता! खणेर तिथूनच जन्मला.

आता अन्न. इथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. दुसऱ्या भागात खणेर भुयारात वाढणारी बुरशी खातात, पण ती बुरशी कशावर वाढते हे मी लिहिलंच नाही. आपल्याकडची वाळवीसुद्धा वारुळात बुरशी पिकवते, पण त्यासाठी लाकूड आणि वाळलं गवत बाहेरून आणते. त्यात खणणं भयंकर महाग. पॉकेट गोफर या बीळ करणाऱ्या प्राण्यावरच्या १९७९ च्या अभ्यासात, तेवढंच अंतर वरून चालायला लागते त्याच्या किमान ३६० पट शक्ती खणायला लागते असं दिसलं. बैलाएवढ्या जनावराचा हा हिशेब बुरशीवर जमत नाही. ब्राझीलमध्ये माणूस उभा राहील एवढी जुनी बिळं सापडली आहेत, भिंतींवर नखांचे ओरखडे असलेली, बहुधा नामशेष झालेल्या महाकाय स्लॉथ या प्राण्याची. पण तो चरायला बाहेर पडत असणार. माझे खणेर कधीच बाहेर येत नाहीत.

खरं सांगते, खणेर एवढा मोठा केला तो तिसऱ्या भागातल्या एका प्रसंगासाठी. कथेतल्या रेवाला त्याच्या पाठीवर बसवायचं होतं. म्हणजे मी गरज प्राण्याची पाहिली नाही, माझी पाहिली.

म्हणून बदलतेय. खणेर आता कुत्र्याएवढा. खायला वरच्या रानातले मोठाले कंद. मोल रॅट कंद आतून कुरतडतात आणि बराचसा भाग जिवंत सोडतात, म्हणजे तो पुन्हा भरतो. तसंच. कंद आले म्हणजे दोनशे हातांची खोलीही गेली, वसाहत मुळांच्या जवळ आली. मग वरच्या गावातल्या लोकांना पायाखाली खणेरांची चाहूल लागणार, आणि चौथ्या भागातलं भांडण आपोआप वेगळं होणार.

पाठीवरचा प्रसंगही काढतेय. मोल रॅट रांगेत खणतात: पुढचा दातांनी माती फोडतो, मधले ती पायांनी मागे सारत जातात, शेवटचा ती बिळाबाहेर उडवतो. त्यांचे ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे खणताना तोंडात माती जात नाही. रेवा आता त्या रांगेत, मधल्या जागी, पोटावर पडून माती मागे ढकलेल. पहिल्यांदा तिच्या तोंडात माती जाईल.

नवा तिसरा भाग टाकण्याआधी तुम्हाला पाठवला तर वाचाल का, सर? विशेषतः कंदांचा हिशेब तपासून हवा आहे. वसाहतीत मी दोन हजार खणेर लिहिलेत, आणि तेही फार होत असावेत असं आता वाटतंय.