एकच विमआरसी, सर्व भाषांना समान न्याय

कोडच्या ओळीआधी पायथॉन भाषेला चार स्पेस हव्यात, गो भाषेला टॅब हवा, यॅमलला इंडेंटेशनमध्ये (ओळीआधीच्या मोकळ्या जागेत) टॅब मुळीच खपत नाही आणि प्रोग्राम बांधणाऱ्या 'मेक' या साधनाच्या मेकफाइलला आज्ञेच्या ओळीआधी टॅबशिवाय दुसरे काही रुचत नाही. भाषांचे हे लाड पुरवण्याची सोय विम या टेक्स्ट एडिटरमध्ये आहे. विमआरसी या त्याच्या सेटिंग्जच्या फाइलीत 'फाइलटाइप प्लगिन ऑन' ही एक ओळ लिहावी, 'आफ्टर/एफटीप्लगिन' या फोल्डरात भाषेच्या नावाची दोन-तीन ओळींची फाइल ठेवावी, की काम संपले. सुज्ञ माणसाने नेमके म्हणूनच या वाटेला जाऊ नये; इतक्या झटपट उरकणाऱ्या कामाला कचेरीत कोण मान देतो?

आपण सर्व भाषांच्या सेटिंग्ज एकाच विमआरसीत ऑटोकमांडच्या (ठरावीक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या आदेशांच्या) रूपाने रचाव्यात आणि 'सेटलोकल'ऐवजी सर्वत्र 'सेट' वापरावे. सेटलोकल संकुचित वृत्तीचा. तो समोरच्या बफरपुरते, म्हणजे उघडलेल्या फाइलीपुरते, पाहतो. सेट उदार आहे. सकाळी पायथॉनच्या फाइलला दिलेला 'एक्सपँडटॅब' (टॅबऐवजी स्पेस घालण्याची सेटिंग) तो नंतर उघडलेल्या मेकफाइललाही बहाल करतो, त्यामुळे आपण टॅबची कळ दाबली तरी स्पेसच उमटतात आणि मेक 'मिसिंग सेपरेटर' एवढेच बोलून थांबते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत असल्याने पुढची दुपार सत्कारणी लागते. (विमसोबत येणारी मेकफाइलची एफटीप्लगिन, म्हणजे त्या प्रकारच्या फाइलींसाठीची तयार सेटिंग्जची फाइल, हा टॅब परस्पर जपते, तेव्हा वर सांगितलेल्या ओळीतला 'प्लगिन' शब्द आधी खोडावा, 'फाइलटाइप ऑन' मात्र राहू द्यावे, नाहीतर आपले ऑटोकमांडही चालायचे नाहीत.) दोष अर्थातच स्टुअर्ट फेल्डमन यांना द्यावा. त्यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिले, आणि टॅबची अट काढावी असे मनात येईपर्यंत डझनभर वापरकर्ते जमले होते. त्या डझनभरांची गैरसोय टाळण्यासाठी ती अट आजतागायत आपल्या वाट्याला आली आहे.

फाइल सेव्ह करताना ओळीअखेरच्या स्पेस पुसण्याचा नियमही सरसकट लावावा. साध्या खुणांनी मजकूर मांडण्याच्या मार्कडाउन पद्धतीत ओळीअखेरच्या दोन स्पेस म्हणजे ओळ तोडण्याची खूण असते, म्हणून कोणी कष्टाने चार ओळींत मांडलेला पत्ता सलग एका ओळीत येईल आणि कागदाची बचत होईल. प्रकल्पात एखाद्या सहकाऱ्याने एडिटरकॉन्फिगची (सर्वांसाठी इंडेंटेशनचे नियम ठरवणारी) फाइल ठेवली असेल, तर विमचा नवा अवतार निओविम ०.९ आवृत्तीपासून ती आपोआप वाचतो. हा हस्तक्षेप तत्काळ बंद करावा.

विमआरसीत बदल केला की ती पुन्हा सोर्स करावी (एडिटरला वाचायला लावावी), पण ऑटोकमांड ऑगग्रुप नावाच्या गटामध्ये घालून आधीचे पुसण्याचा कोतेपणा करू नये. प्रत्येक वेळी तेच आदेश नव्याने नोंदले जातात आणि फाइल उघडताना सगळेच्या सगळे इमानाने धावतात. एडिटर रेंगाळू लागला की अधिक रॅमच्या लॅपटॉपसाठी अर्ज करावा आणि कारणाच्या रकान्यात 'प्रोग्रामिंग भाषांची वाढती संख्या' असे लिहावे.