उघडता येणारा कॅमेरा

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया मनापासून लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं की जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची 'मजबूत बांधणी' म्हणजे नुसतं वजन, फोटो मोबाईलवर चांगले येतात, रोल आणि धुलाईत पैसा जातो. तुमच्या वडिलांचा झेनिट-ई हा जुना रशियन फिल्म कॅमेरा भंगारात द्यावा म्हणता, आणि या नादाशी कोल्हापूरचा काय संबंध, असंही विचारता.

खर्चाचं बरोबर आहे. वजनाचंही बरंचसं. १९६६ साली आलेला याशिका इलेक्ट्रो ३५ हातात चांगला भरतो, पण त्याचं शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारी झडप, बॅटरीच्या जिवावर. बॅटरी संपली की शटरचा १/५०० सेकंद हा एकच वेग उरतो. मूळची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, आणि आतला रबराचा छोटा पॅड कुजला की एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडेल याचा, पत्ता नाही. त्याला मी मजबूत म्हणणार नाही.

पेंटॅक्स के १००० घ्या. १९७६ ते १९९७ बनला, शिकाऊ पोरांच्या हातात दिला जाणारा साधा कॅमेरा. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्याला. एक सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे वेग स्प्रिंग आणि चाकांवर. माझ्याकडच्याचा एक सेकंद लांबायला लागला होता. दुरुस्तीवाल्या काकांनी खालची पट्टी उघडली, बारीक दात्यांच्या चाकांवरचं सुकलेलं ग्रीस साफ केलं, थेंबभर तेल दिलं. शटर दाबलं तर ती घरघर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. एकही भाग बदलावा लागला नाही. मजबूत बांधणी मी याला म्हणतो: बनवणाऱ्याने पुढे कुणीतरी हे उघडणार आहे, हे धरून काम केलेलं असतं. मोबाईलचे फोटो मीही काढतो, पण तो असा उघडून देणारा मला भेटलेला नाही.

आणि कोल्हापूरचा संबंध? खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज बघतो आपण. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून इथेच सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि त्यातून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. आपल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला के १००० चं पोट दाखवा, तो लगेच ओळखेल कुठला भाग कशाला आहे.

झेनिट भंगारात देऊ नका. त्याला बॅटरी लागतच नाही. आधी चामड्याच्या कव्हरातून बाहेर काढा, आपल्या पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं. लेन्स उजेडासमोर धरून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघा. दिसले तर ती बुरशी, लवकर साफ करून घ्या. मग मागचं झाकण उघडं ठेवून १/३० ते १/५०० प्रत्येक वेगावर शटर दाबा, शटरचे दोन्ही पडदे पूर्ण सरकतात का पाहा. अडत असेल तर मला कळवा, काकांकडे आपण दोघे जाऊ.