शारीरिक सहभाग

काल छापून आलेल्या पत्रिकेत आमच्या नाटकाचे संकल्पना, लेखन आणि दिग्दर्शन एकाच गृहस्थांच्या नावावर असून माझ्या नावापुढे 'शारीरिक सहभाग' असे छापले आहे. अडीच महिने या माणसाने माझी आजी, तिचा भडकणारा स्टोव्ह आणि रंकाळ्यावर हरवलेली माझी चप्पल एकेक करून माझ्याकडून काढून घेतली, आणि लेखन म्हणे त्याचे!

संहिता आधी नसावी, ती नटाच्या अंगातून यावी, असा त्याचा आग्रह होता. तो कोपऱ्यात खुर्ची टाकून "आजीचे हात आठव" म्हणे, मी हात आठवत जमिनीवर लोळे, आणि बरे वाटले तेवढे तो वहीत टिपून घेई. हे लोळणे एका तालमीच्या माडीवर चाले. कोल्हापुरात तालीम म्हटले की आधी लाल माती डोळ्यांसमोर येते, नाटक नंतर. त्यामुळे खालचे वृद्ध वस्ताद एके संध्याकाळी जिना चढून आले, तेव्हा मी पालथा पडून स्टोव्ह झालो होतो.

"काय करालाईस रं?"

"तालीम, वस्ताद."

"तालीम? आनि अंगाला माती न्हाई?"

नाटकाची, असे मी सांगितले. लिहिले कोणी, असे त्यांनी विचारले. कोणीच नाही, रोज नवे सुचते, असे म्हणताच ते पायरीवरच बसले. "म्हंजे उद्या काय हुनार ते आज ठावं न्हाई. ही कुस्तीच झाली की! पर कुस्तीत निकाल लागतो. तुमच्यात चितपट कोन हुतं?"

दिग्दर्शक काही बोलला नाही. मग वस्तादांनी, शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान आणि आजचे केशवराव भोसले नाट्यगृह शेजारी शेजारी का बांधले असावे, यावर अर्धा तास स्वतःचे मत मांडले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळाल्याचे बोलताना मात्र त्यांचा आवाज बसला, आणि आम्हीही गप्प झालो. जाता जाता ते माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टो पेटवताना मान मागं घ्याची असती. तू तोंड घालालाईस. भाजशील."

"अचूक!" दिग्दर्शक खुर्चीवरून उठला. अडीच महिन्यांत माझ्यासाठी तो एकदाही उठला नव्हता. मान मागे घेण्याचा तो क्षण आता आमच्या नाटकाचा शेवट आहे.

पुढे कळले की जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी लेखी संहिता द्यावी लागते. अंगातून आलेले मंडळाला कसे पाठवणार? तेव्हा मोबाईलमधल्या चित्रफिती थांबवत थांबवत, नोकरी सांभाळून, रात्री जागून ती बेचाळीस पाने मीच उतरवली. उतरवणे म्हणजे लिहिणे नव्हे, असे दिग्दर्शकाचे मत आहे. अर्जातील 'लेखक' या रकान्यात त्याने स्वतःचे नाव घातले तेव्हा पेनही माझेच होते, आणि ते त्याने अजून परत केलेले नाही.

पत्रिकेत वस्तादांचे नाव 'विशेष मार्गदर्शन' म्हणून माझ्या वर, ठळक अक्षरांत आहे. त्यातली एक वेलांटी चुकली म्हणून सगळ्या पत्रिका पुन्हा छापायला गेल्या आहेत. माझ्या आडनावातला काना राहिला आहे, हेही मी सांगून पाहिले. तो म्हणाला, "तेवढे चालते."